विश्लेषण : इंटरनेटचे नियम सांभाळणारे जॉन पोस्टेल कोण होते?

एका संगणकावरची फाइल दुसऱ्यावर पोहोचायची, तर दोघांनाही एकच नियम ठाऊक असावे लागतात. हे नियम तपासणे, सुधारणे आणि सर्वांसाठी खुले ठेवणे यात जॉन पोस्टेल यांची जवळपास ३० वर्षे गेली.

जन्म १९४३ चा, कॅलिफोर्नियातला. लॉस एंजेलिसमध्ये विद्यार्थी असतानाच ते १९६९ मध्ये ‘अर्पानेट’च्या कामात आले. नियमांचे मसुदे ‘आरएफसी’ नावाने निघत. त्यांचे संपादन पुढे पोस्टेल यांच्याकडे आले, ते अखेरपर्यंत.

‘एफटीपी’चे काय?

फाइल पाठवण्याचा पहिला मसुदा १९७१ मध्ये आयआयटी कानपूरचे पदवीधर अभय भूषण यांनी लिहिला. त्यात वारंवार दुरुस्त्या झाल्या. १९८५ मध्ये पोस्टेल आणि जॉइस रेनॉल्ड्स यांनी ‘आरएफसी ९५९’ काढला. आज्ञा एका जोडणीवरून आणि फाइल दुसरीवरून, ही रचना त्यात नेमकी मांडली आहे. एफटीपीची ओपन सोर्स लायब्ररी सांभाळणाऱ्यांना आजही तो उघडावा लागतो. आज्ञांच्या जोडणीचा पोर्ट क्रमांक २१. अशा क्रमांकांची यादीही पोस्टेलच ठेवत. काम कंटाळवाणे, पण दोघांनी एकच क्रमांक वापरला की गोंधळ ठरलेला!

वाद कशावरून?

जानेवारी १९९८ मध्ये त्यांनी इंटरनेटच्या मूळ सर्व्हरच्या आठ चालकांना एक ईमेल पाठवला : यादी सरकारी कंत्राटदार कंपनीच्या नव्हे, आपल्या यंत्रावरून घ्या. चालकांनी निमूटपणे ऐकले. हाती कायदेशीर अधिकार नव्हता, होता तो विश्वास. अमेरिकी सरकार खवळले. पोस्टेल यांनी ही चाचणी असल्याचे सांगत बदल मागे घेतला.

त्याच वर्षी १६ ऑक्टोबरला, हृदयशस्त्रक्रियेनंतरच्या गुंतागुंतीमुळे, ५५ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्यांची यादी सांभाळण्यासाठी ‘आयकॅन’ ही संस्था जेमतेम काही आठवड्यांपूर्वी स्थापन झाली होती.