रोह्याच्या पुढची गाडी

या स्मरणिकेत बरेच जण आपल्या सरांवर आणि बाईंवर लिहितील. मी लिहिते आहे एका अशा प्राध्यापकांवर, ज्यांनी आपल्याला कधीच शिकवलं नाही. पण दहावीनंतर आपल्यातली कितीतरी मुलं गावाबाहेर पडली, ती त्यांनी मार्गी लावलेल्या गाडीने.

मधु दंडवते आपल्या कोकणातले नव्हते. त्यांचा जन्म २१ जानेवारी १९२४ चा, अहमदनगरचा. मुंबईच्या सिद्धार्थ कॉलेजात ते भौतिकशास्त्र शिकवत. १९४२ च्या चळवळीत आणि १९५५ च्या गोवा सत्याग्रहातही ते होते. जानेवारी १९७१ मध्ये बॅ. नाथ पै गेले आणि राजापूर मतदारसंघ पोरका झाला. त्याच वर्षी इंदिरा लाटेतही इथल्या लोकांनी दंडवत्यांना लोकसभेत पाठवलं. पुढे १९७७, १९८०, १९८४ आणि १९८९ असे सलग पाच वेळा ते निवडून आले. १९८४ ची सहानुभूतीची लाटही त्यांना हलवू शकली नाही.

आणीबाणीत त्यांना बंगळूरला अटक झाली आणि तिथल्याच तुरुंगात ठेवलं. पत्नी प्रमिलाताई येरवड्याला. दोघांचा संसार तेवढा काळ पत्रांवर चालला.

१९७७ मध्ये ते रेल्वेमंत्री झाले. १९७४ च्या संपात कामावरून काढलेल्या कर्मचाऱ्यांना त्यांनी परत घेतलं. दुसऱ्या वर्गाच्या लाकडी बाकांवर दोन इंच फोम आला तोही त्यांच्याच काळात. डिसेंबर १९७७ मध्ये सुरू झालेली मुंबई-हावडा गीतांजली एक्स्प्रेस ही वर्गभेद नसलेली गाडी होती. आरक्षणाच्या संगणकीकरणाची सुरुवातही त्यांच्याच कारकिर्दीतली. माझं पोट संगणकावर चालतं, तरी मला त्यांचा फोमचा निर्णयच मोठा वाटतो. आमच्या कामात डिफॉल्ट फार जपून ठरवावा लागतो, म्हणजे ज्याने काहीच निवडलेलं नाही त्याला काय मिळणार ते. दुसऱ्या वर्गाच्या प्रवाशापुढे निवड नसतेच. दंडवत्यांनी त्याचा डिफॉल्ट बदलला. पुढे सरकारं आली नि गेली, लाकडी बाक काही परत आले नाहीत.

कोकण रेल्वेची मागणी नाथ पैंपासूनची. रूळ रोह्यापर्यंत आले आणि तिथेच थांबले. पुढे सह्याद्रीचे फाटे, खाड्या आणि पैशांचा प्रश्न. १९८९ मध्ये दंडवते अर्थमंत्री झाले आणि जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री. जुलै १९९० मध्ये कोकण रेल्वेसाठी स्वतंत्र महामंडळ स्थापन झालं. रोखे विकून पैसा उभा करायचा, अशी वाट निघाली आणि इतकी वर्षं कागदावर असलेलं काम सुरू झालं.

पुढच्याच वर्षी, १९९१ च्या निवडणुकीत, दंडवते याच मतदारसंघात हरले. बोगदे खणले जात होते, पूल उभे राहत होते आणि ज्यांनी वीस वर्षं त्यासाठी संसदेत पाठपुरावा केला, ते आता आपले खासदार नव्हते. ही गोष्ट मला अजून बोचते. आपल्या घरांतूनही त्या मतपेट्यांत चिठ्ठ्या पडल्या होत्या. लोकशाहीत मतदार काही कायमचा ऋणी नसतो, हे मला पटतं. पण दंडवत्यांनीही ते ऋण कधी वसूल करायला काढलं नाही. १९९६ ते १९९८ या काळात ते नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष होते.

२६ जानेवारी १९९८ ला रोहा ते मंगळूर हा ७४१ किलोमीटरचा मार्ग पूर्ण खुला झाला. त्याच वर्षी आपली तुकडी बारावी झाली. कुणी मुंबईला गेलं, कुणी गोव्याला, मी इंजिनिअरिंगला. मुलीला रात्रभराच्या एसटीने एकटीला पाठवायचं का, यावर घराघरांत होणारे वाद गाडीमुळे मिटले. काही मैत्रिणींचं शिक्षण तेवढ्यावरच अडलं होतं.

१२ नोव्हेंबर २००५ रोजी मुंबईत दंडवते गेले. त्यांच्या इच्छेप्रमाणे देह जे. जे. रुग्णालयाला देण्यात आला. आयुष्यभर विद्यार्थ्यांत रमलेले प्राध्यापक शेवटीही विद्यार्थ्यांच्याच उपयोगी पडले.