श्वासाशी झुंजलेले आचार्य

१९४२ साली सेवाग्रामच्या आश्रमात गांधीजींनी एका पाहुण्याला उपचारांसाठी मुद्दाम ठेवून घेतले. ते होते आचार्य नरेंद्र देव. सीतापूरला १८८९ मध्ये वकिलाच्या घरी जन्मलेल्या नरेंद्र देवांनी स्वतःची वकिली असहकारात सोडली, काशी विद्यापीठात अध्यापन केले आणि १९३४ मध्ये पाटण्याच्या समाजवादी परिषदेचे अध्यक्षपद भूषविले. पण इंग्रज सरकारपेक्षाही चिवट शत्रू त्यांच्या छातीत ठाण मांडून बसला होता. तो म्हणजे दमा!

पथ्याचा आहार, विश्रांती, निसर्गोपचार हीच आश्रमाची औषधे. दमा कशाने उसळतो, हे शोधायला फारसे साधन नव्हते. धूळ, धूर, थंडी की झाडांचे पराग? वर्ध्याकडे पळस डोळ्यांत भरतो. पण त्याचे पराग पक्षी वाहतात. वाऱ्यावर उधळतात ते वावळासारख्या झाडांचे पराग, आणि त्या झाडाच्या फुलांकडे कुणाचे लक्षही जात नाही.

ऑगस्टमध्ये धरपकड झाली. आचार्य नेहरू-आझादांबरोबर अहमदनगरच्या किल्ल्यात गेले. धाप लागत असतानाही त्यांनी तिथे बौद्ध तत्त्वज्ञानाचा अभ्यास सुरूच ठेवला. पुढे लखनौ आणि काशी हिंदू विश्वविद्यालयाचे ते कुलगुरू झाले. १९ फेब्रुवारी १९५६ रोजी तमिळनाडूतील पेरुंदुराईत त्यांचे निधन झाले. तिथेही ते प्रकृतीसाठीच गेले होते. त्यांच्या 'बौद्ध धर्म दर्शन' या ग्रंथाला १९५७ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, तो मरणोत्तर.

त्यानंतर दहाच वर्षांनी, १९६६-६७ मध्ये, अमेरिकेत इशिझाका दांपत्याने आणि स्वीडनमध्ये योहान्सन व बेनिच यांनी ॲलर्जीचे रक्तातील प्रतिद्रव्य ओळखले. त्याचे नाव आयजीई. त्यावरूनच रक्ततपासणी निघाली. विशिष्ट परागाच्या अर्कावर रुग्णाच्या रक्तातील द्रव मिसळायचा आणि त्याला किती आयजीई चिकटते ते मोजायचे. त्वचेवरची चाचणी स्वस्त आणि जुनी. पण ॲलर्जीच्या गोळ्या चालू असतील तर ती फसते, रक्ताची फसत नाही. मात्र अहवालात परागाचे नाव आले म्हणजे त्रास त्याचाच, असे नव्हे. पोटात जंत असले तरी एकूण आयजीई वाढते. म्हणून त्रास कोणत्या महिन्यात, कुठे होतो, हे डॉक्टरांना सांगावेच लागते.

आचार्यांचा दमा परागांचा होता की नाही, हे आता कुणी सांगू शकणार नाही. पण दर फाल्गुनात आपल्या घरातले कुणी धापा टाकत असेल, तर त्याला स्वभाव वा नशीब म्हणून सोडून देऊ नये. आचार्यांना जे विचारता आले नाही, ते आज आपल्याला विचारता येते.