आनंदीबाईंची पत्रे

उन्हाळ्याच्या सुटीत मी इंदूरला, स्नेहलतागंजात, मावशीकडे गेलो होतो. तिचे कै. सासरे डॉक्टर होते. जुने घर पाडून तेथे फ्लॅट व्हायचे असल्याने माळ्यावरची त्यांची ट्रंक खाली काढली. आत पोस्टकार्डे, रोग्यांच्या नोंदींच्या वह्या आणि धारवाडच्या एका मित्राची कन्नड पत्रे निघाली. घरात कन्नड वाचणारा मी एकटाच, म्हणून ती लावण्याचे काम माझ्याकडे आले. काकांचे मत असे की खाजगी पत्रे तिऱ्हाइताने वाचू नयेत, सरळ जाळून टाकावीत. नेमके त्याच दिवसांत मी डॉ. आनंदीबाई जोशी यांचे चरित्र वाचीत होतो, आणि काकांशी माझा वाद झाला तो त्या चरित्राच्या आधाराने.

आनंदीबाईंचा जन्म ३१ मार्च १८६५ चा. माहेर कल्याणचे, माहेरचे नाव यमुना. नवव्या वर्षी लग्न झाले. पती गोपाळराव वयाने खूपच मोठे, टपाल खात्यात नोकरीला. चौदाव्या वर्षी मुलगा झाला, तो दहा दिवसांत गेला. बाईंना डॉक्टर व्हावेसे वाटू लागले ते त्यानंतर.

पुढचे सारे टपालानेच घडवले म्हटले तरी चालेल. गोपाळरावांनी कोल्हापूरहून १८७८ साली वाइल्डर नावाच्या अमेरिकन मिशनऱ्याला पत्नीच्या शिक्षणासाठी पत्र लिहिले. ते अमेरिकेतल्या एका मिशनरी मासिकात छापून आले. १८८० साली न्यू जर्सीतील रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर यांनी दाताच्या डॉक्टरकडे बसल्या बसल्या तो अंक चाळला आणि एका अनोळखी मुलीला पत्र धाडले. त्यांचा पत्रव्यवहार जवळजवळ तीन वर्षे चालला. भेट होण्याआधीच त्या आनंदीबाईंच्या मावशी झाल्या होत्या. ७ एप्रिल १८८३ रोजी आनंदीबाई कलकत्त्याहून बोटीने निघाल्या, ४ जूनला न्यूयॉर्कला उतरल्या, आणि ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून एम. डी. झाल्या. पदवीदानाला पंडिता रमाबाई हजर होत्या.

आम्हा वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांना कार्यालयीन पत्रव्यवहारात एक गोष्ट घोटून शिकवतात : बाहेर जाणाऱ्या प्रत्येक पत्राची प्रत फाइलला लावावी. घरगुती पत्राची प्रत मात्र कोणी ठेवीत नाही. म्हणून माणसाची पत्रे त्याच्या स्वतःच्या घरी सापडत नाहीत, ज्यांना लिहिली त्यांच्या घरी सापडतात. आनंदीबाईंचे मन कल्याणपेक्षा रोझेलला अधिक जपले गेले ते यामुळे. कार्पेंटरबाईंनी पत्रे ठेवली, म्हणून कॅरोलाइन डॉल यांना १८८८ साली बॉस्टनमध्ये चरित्र प्रसिद्ध करता आले. मराठीत काशीबाई कानिटकरांनी जे चरित्र लिहिले, त्याच्या १९१२ च्या आवृत्तीच्या नावातच 'चरित्र व पत्रे' असे शब्द आहेत. महाविद्यालयात प्रवेश मिळावा म्हणून आनंदीबाईंनी जून १८८३ मध्ये लिहिलेला अर्ज आज फिलाडेल्फियातील ड्रेक्सेल विद्यापीठाच्या संग्रहात आहे. ट्रंकेतल्या डॉक्टरांचेही तेच. त्यांच्या मित्राची पत्रे इंदूरला. त्यांनी स्वतः लिहिलेली, असलीच तर, धारवाडला कोणाच्या तरी माळ्यावर.

काकांच्या मुद्द्यात तथ्य नाही असे नाही. रोग्यांच्या वह्यांत परक्यांचे आजार आहेत. त्या मी न वाचता वेगळ्या बांधल्या. पण सगळेच जाळले तर काय हरवते, ते आनंदीबाईंच्या एका पत्रावरून कळते. बायकोला सातासमुद्रापार शिकायला पाठविणारा सुधारक पती, एवढेच गोपाळरावांविषयी आपण लहानपणापासून ऐकतो. ते खोटे नव्हे. परंतु अमेरिकेतून त्यांनाच लिहिलेल्या एका पत्रात बाईंनी लहानपणी खाल्लेल्या माराची, अंगावर फेकलेल्या पुस्तकांची आठवण दिली आहे. तीही आदळआपट न करता, अगदी शांतपणे. हे पत्र होते ज्याच्याविषयी तक्रार त्याच्याच हाती. चुलीत घालायला कितीसा वेळ लागला असता? पण ते उरले. गोपाळरावांबद्दल माझे मत फारसे चांगले नाही, तरी ही गोष्ट मी त्यांच्या जमेच्या बाजूला मांडतो. काकांना हे सांगितले तेव्हा ते काही बोलले नाहीत, पण दुसऱ्या दिवशी गंजलेल्या टाचण्या काढायला माझ्याशेजारी येऊन बसले. पत्रे सालवार लावून सुती कापडात बांधली आहेत. मावशीने ती नव्या घरी न्यायचे ठरवले आहे.

आनंदीबाईंना वैद्यकी करायला मिळालीच नाही. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात स्त्रियांच्या विभागाच्या प्रमुख म्हणून त्यांची नेमणूक झाली होती. कोल्हापूर आपल्या किती जवळचे! पण १८८६ च्या अखेरीस त्या परतल्या त्या क्षयाने खंगूनच. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. वयाला बावीस पुरी व्हायला महिना उरला होता. गोपाळरावांनी त्यांची रक्षा कार्पेंटरबाईंकडे पाठवून दिली. न्यूयॉर्क राज्यातील पोकीप्सी गावच्या दफनभूमीत, कार्पेंटर कुटुंबाच्या जागेत ती ठेवली आहे, आणि तेथे आनंदीबाईंच्या नावाचा दगड आहे.