गार्सिया द ओर्ता : पेजेची नोंद घेणारा वैद्य

पणजीच्या चर्चसमोर एक जुने उद्यान आहे. त्यास गार्सिया द ओर्ता यांचे नाव दिलेले आहे. आमचे पुष्कळ विद्यार्थी त्या बागेत विसावले असतील. परंतु हा पुरुष कोण, असे विचारल्यास बहुतेकजण निरुत्तर होतात. काय खावे, काय प्यावे, आजाऱ्यास काय द्यावे, हे प्रश्न घरोघर नित्य विचारले जातात. हेच प्रश्न साडेचारशेहून अधिक वर्षांपूर्वी गोव्यात बसून ज्याने विचारले आणि त्यांची उत्तरे ग्रंथरूपाने लिहून ठेवली, तो हा वैद्य होय.

ओर्ता यांचा जन्म इ. स. १५००च्या सुमारास पोर्तुगालमधील कास्तेलो द व्हीद या गावी झाला. त्यांचे आईबाप मूळचे ज्यू. १४९२ साली स्पेनने ज्यूंना देशाबाहेर काढले, तेव्हा त्यांनी पोर्तुगालात आश्रय घेतला. पण तेथेही १४९७ साली ज्यूंना सक्तीने ख्रिस्ती करण्यात आले. गार्सिया यांनी सालामांका व आल्काला येथील विद्यापीठांत वैद्यकाचे अध्ययन केले, स्वदेशी परतून रोगी तपासले आणि पुढे लिस्बनच्या विद्यापीठात अध्यापनही केले. १५३४ साली मार्तीं आफोंसो द सौझा यांच्या आरमाराबरोबर ते गोव्यास आले आणि अखेरपर्यंत येथेच राहिले.

गोव्यात गव्हर्नर व व्हाइसरॉय यांचे वैद्य म्हणून त्यांचा लौकिक झाला. अहमदनगरच्या (आजच्या अहिल्यानगरच्या) बुऱ्हाण निजामशहाच्या दरबारीही त्यांना मान होता. निजामशहाने त्यांना रोगांची व औषधांची अरबी नावे शिकवावी आणि त्यांनी त्यास लॅटिन नावे सांगावी, असा तो स्नेह होता. येथील हिंदू वैद्यांशीही ते चर्चा करीत. आपल्या शास्त्राने गुण न आला, तर त्यांचे उपाय योजण्यात त्यांना कमीपणा वाटत नसे.

या साऱ्या अनुभवाचे फळ म्हणजे १५६३ साली गोव्याच्या छापखान्यात छापलेला त्यांचा संवादग्रंथ. भारतात मुद्रणयंत्र येऊन तेव्हा अवघी सात वर्षे झाली होती. ग्रंथात पन्नासाहून अधिक संवाद आहेत. रुआनो नावाचा एक कल्पित विद्वान युरोपातून येतो आणि प्रश्न विचारतो. ओर्ता उत्तरे देतात. रुआनोचा भरवसा प्राचीन ग्रीक आचार्यांवर, तर ओर्तांचा स्वतःच्या डोळ्यांवर. युरोपात राहून गेलेनसारख्या आचार्याविरुद्ध बोलण्याचे धैर्य आपणास झाले नसते, अशी कबुलीही ते देतात.

या ग्रंथात आमचे स्वयंपाकघर जागोजागी भेटते. एकाच माडापासून खोबरे, नारळाचे दूध, तेल, सूर, शिर्का, गूळ आणि काथ्या कसा मिळतो, हे त्यांनी तपशीलवार सांगितले आहे. आंबा कापून खातात आणि शिर्का, तेल, मीठ, आले, लसूण घालून त्याचे लोणचेही करतात, याची नोंद आहे. घाटावर ज्यास कोकम म्हणतात, ते आमचे भिरंड त्यांच्या लेखनात पोर्तुगीज वेष घेऊन ‘ब्रिंदांव’ होते. त्याची साल सुकवून परदेशी नेतात व तिच्यापासून आंबट शिर्का करतात, असे ते लिहितात. ताप उतरलेल्या माणसास दख्खन व गुजरातेतील लोक गव्हाची भाकरी लगेच देत नाहीत. आधी मुगाचे पाणी, मग सोललेले शिजवलेले मूग देतात, हेही त्यांनी पाहून ठेवले.

परंतु आम्हांस सर्वांत मोलाचा वाटतो तो पटकीवरील संवाद. या रोगास येथील लोक ‘मोडशी’ म्हणत. पोर्तुगीजांनी त्या शब्दाचे ‘मोर्देशी’ केले. वांती व रेच यांनी रोगी काही तासांत गळून जाई. अशा रोग्यास येथील वैद्य मिरी व जिरे घातलेली तांदळाची कांजी पाजतात, असे ओर्तांनी लिहून ठेवले. त्याच वैद्यांचा पायास डाग देण्याचा उपायही त्यांनी नमूद केला आहे. डाग देणे आज निरुपयोगी ठरले आहे. कांजीचे मात्र तसे झाले नाही. जुलाबात शरीरातील पाणी व क्षार निघून जातात. तांदळातील पिष्टाची आतड्यात साखर होते आणि ती साखर मीठ व पाणी रक्तात शोषून घेण्यास साहाय्य करते, हे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात प्रयोगांनी सिद्ध झाले. म्हणून आजही जुलाब झालेल्या मुलास क्षार-साखरेचे द्रावण आणि मीठ घातलेली पेज देतात, व रोग बळावल्यास विनाविलंब दवाखान्यात नेतात.

ओर्ता १५६८ साली वारले. त्याआधीच, १५६० साली, गोव्यात इन्क्विझिशन हे धर्मन्यायालय स्थापन झाले होते. १५६९ साली त्यांची बहीण कातारीना हिला जिवंत जाळण्यात आले. ओर्ताही मनाने ज्यूच राहिले होते, असा ठपका ठेवून १५८० साली त्यांची हाडे थडग्यातून उकरून जाळण्यात आली. ज्या नगराच्या रोग्यांची त्यांनी तीस वर्षांहून अधिक काळ सेवा केली, त्याच नगरात हे घडले. पण ग्रंथ तोवर हाताबाहेर गेला होता. क्लुसियस या पंडिताने त्याचा लॅटिन संक्षेप १५६७ सालीच अँटवर्पला प्रसिद्ध केला होता आणि युरोपातील वैद्य तो वाचीत होते.

ओर्तांच्या काळी पेडणे व डिचोली हे महाल पोर्तुगीज सत्तेबाहेर होते. अठराव्या शतकाच्या अखेरीस ते गोव्यास जोडले गेले. राज्ये बदलली, पण खाणे तेच राहिले. उकड्या तांदळाची पेज आणि तिच्यासोबत चेपणीचे तोर, जेवणात भिरंडाच्या सोलांची कढी, उन्हाळ्यात शहाळे, हे आमच्या घरांत आजही आहे. मात्र पाहुणा आला की पेज झाकून ठेवण्याची आणि बाटलीतले रंगीत गोड पेय पुढे करण्याची चाल पडत चालली आहे, ती आम्हांस खेदाची वाटते. त्या पेयात साखरेवाचून पोषण फारसे नसते. दूरदेशीच्या एका विद्वानाने ज्या पेजेपुढे आपली लेखणी थांबवली, तिची आम्ही लाज का बाळगावी?

तथापि, जुने ते सारे सोने, असाही ओर्तांचा बोध नव्हे. त्यांनी जुन्यास जुने म्हणून मानले नाही, की परक्यास परके म्हणून टाकले नाही. पाहिले, विचारले, पडताळले, मगच लिहिले. आमच्या विद्यार्थ्यांनीही आपल्या ताटातील प्रत्येक पदार्थाविषयी घरातील वडीलधाऱ्यांस विचारावे, शास्त्राच्या पुस्तकाशी ते ताडून पाहावे आणि आपल्या वहीत टिपून ठेवावे. ओर्तांचे याहून चांगले स्मरण आम्हांस सुचत नाही.