वीज साठवणारा शास्त्रज्ञ : गास्ताँ प्लान्ते



भर समुद्रात विजेची तार नसते. तरी होडीतला दिवा, वायरलेस आणि मासे शोधायचं यंत्र चालतं. ते बॅटरीवर चालतं. पुन्हा पुन्हा भरता येणारी बॅटरी ज्यांनी प्रथम बनवली, त्या गास्ताँ प्लान्ते यांची माहिती मी सांगणार आहे.

त्यांचा जन्म २२ एप्रिल १८३४ रोजी फ्रान्समधील ऑर्थेज या गावी झाला. १८५५ साली पॅरिसजवळ त्यांना काही कोटी वर्षांपूर्वीच्या एका प्रचंड पक्ष्याचे हाड सापडले. त्या पक्ष्याला त्यांच्याच नावावरून गास्टॉर्निस हे नाव मिळाले. पण त्यांचे खरे काम विजेचे.

त्या काळचे विजेचे घट एकदा संपले की संपले. १८५९ साली प्लान्ते यांनी शिशाचे दोन पातळ पत्रे घेतले, मध्ये कापड घालून त्यांची गुंडाळी केली आणि ती पाणी मिसळलेल्या गंधकाम्लात बुडवली. तिच्यात वीज भरता येई, वापरता येई आणि परत भरता येई! पुढच्याच वर्षी त्यांनी असे नऊ घट जोडून फ्रान्सच्या विज्ञान अकादमीला दाखवले.

पण भरायला वीज आणायची कुठून? चांगली जनित्रे तेव्हा नव्हती. साध्या घटांवरच ती भरावी लागे. शिवाय पत्र्यांत जास्त वीज मावावी म्हणून कितीतरी वेळा भरायचे आणि रिकामे करायचे. प्लान्ते कंटाळले नाहीत. १८८१ साली कामीय फोर यांनी पत्र्यांवर शिशाच्या भस्माचा लेप देऊन ही बॅटरी सुधारली. २१ मे १८८९ रोजी प्लान्ते वारले.

आमच्या होडीवरची १२ व्होल्टची बॅटरी याच जातीची आहे. तिच्यात २-२ व्होल्टचे ६ कप्पे आहेत. एकदा रात्री ती समुद्रातच बसली. दिवा गेला, वायरलेस मुका झाला. आजी रात्रभर दारात बसून होती. सकाळी दुसऱ्या होडीने बाबांना ओढून आणलं. आता बाबा बॅटरी पूर्ण भरल्याशिवाय निघत नाहीत आणि ती पार उतरूही देत नाहीत, कारण त्याने पत्रे खराब होतात.

हल्ली लिथियमच्या हलक्या बॅटऱ्याही मिळतात. पण वीज साठवून परत भरता येते, हे जगाला प्रथम दाखवले प्लान्ते यांनी. चिकाटीने केलेले काम वाया जात नाही, हेच त्यांच्या चरित्रातून आपण शिकावे.

— इयत्ता सातवी