व्हित्तोरियो पोझ्झो

व्हित्तोरियो पोझ्झो (२ मार्च, इ.स. १८८६ - २१ डिसेंबर, इ.स. १९६८) हे इटलीचे फुटबॉल प्रशिक्षक व पत्रकार होते. त्यांच्या मार्गदर्शनाखाली इटलीने इ.स. १९३४ व इ.स. १९३८ असे सलग दोन विश्वचषक जिंकले. पुरुषांचा विश्वचषक दोनदा जिंकणारे ते एकमेव प्रशिक्षक आहेत. या यशाचा काळ बेनितो मुसोलिनी यांच्या हुकूमशाहीचा असल्यामुळे त्याचे मूल्यमापन आजही वादाचा विषय आहे.

सुरुवातीचे जीवन

पोझ्झो यांचा जन्म तोरिनो येथे झाला. भाषांच्या अभ्यासासाठी ते स्वित्झर्लंड व इंग्लंडमध्ये राहिले आणि तेथेच त्यांना फुटबॉलची गोडी लागली. मायदेशी परतल्यावर ते तोरिनो क्लबकडून खेळले. इ.स. १९१२च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये त्यांनी प्रथमच राष्ट्रीय संघाची जबाबदारी घेतली. तो संघ पहिल्याच सामन्यात फिनलंडकडून हरला. पहिल्या महायुद्धात ते आल्पिनी या पर्वतीय दलात अधिकारी होते. लष्करी शिस्तीचा हा संस्कार पुढे त्यांच्या सराव शिबिरांत उतरला. इ.स. १९३० मध्ये हंगेरीविरुद्धच्या सामन्यासाठी बुडापेस्टला जाताना त्यांनी खेळाडूंना वाटेत महायुद्धाची रणभूमी दाखवली होती. इटलीने तो सामना ५-० असा जिंकला.

इ.स. १९३४चा विश्वचषक

या स्पर्धेचे यजमानपद इटलीला मिळाले, ते फॅसिस्ट राजवटीच्या जाहिरातीचे साधन ठरले. अंतिम सामना झालेल्या रोममधील मैदानाला फॅसिस्ट पक्षाचेच नाव होते. विजेत्यासाठी फिफाच्या चषकाखेरीज मुसोलिनींच्या नावाचा, त्याहून कितीतरी मोठा, आणखी एक चषक ठेवण्यात आला होता.

संघात लुईस मोंती, राइमुंदो ओर्सी, एन्रिके ग्वाइता असे इटालियन वंशाचे आर्जेन्टाइन खेळाडू होते. मोंती तर आधीच्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात आर्जेन्टिनाकडून खेळले होते. जे लष्करी सेवेस पात्र ते संघासही पात्र, असे पोझ्झो यांचे समर्थन होते. पुढच्याच वर्षी अ‍ॅबिसिनियाच्या युद्धात सक्तीने भरती होण्याच्या भीतीने ग्वाइता इटली सोडून पळाले, तेव्हा या समर्थनाची दुसरी बाजू उघड झाली.

सर्वाधिक आक्षेप स्पेनविरुद्धच्या उपांत्यपूर्व सामन्यांवर आहेत. फ्लोरेन्समधील पहिला सामना अतिशय दांडगाईचा होऊन १-१ असा बरोबरीत सुटला. इटलीच्या पिझ्झिओलो यांचा पाय मोडला, तर स्पेनचे गोलरक्षक रिकार्दो सामोरा दुसऱ्या दिवशीच्या फेरसामन्यात खेळू शकले नाहीत. तो सामना इटलीने जुझेप्पे मेआत्सा यांच्या एकमेव गोलवर जिंकला. त्यातील पंच रने मेर्से यांना नंतर त्यांच्याच देशाच्या, स्वित्झर्लंडच्या, फुटबॉल संघटनेने निलंबित केले. उपांत्य सामन्यात ऑस्ट्रियाचा १-० असा पराभव झाला. १० जूनच्या अंतिम सामन्यात चेकोस्लोव्हाकियाने आघाडी घेतली होती. ओर्सी यांनी बरोबरी साधली व जादा वेळेत स्कियाव्हिओ यांनी विजयी गोल केला. या दोन्ही सामन्यांचे पंच स्वीडनचे इव्हान एकलिंद होते. ते आधी मुसोलिनींना भेटले होते, अशी वदंता आहे. मात्र लाच किंवा आदेश दिल्याचा पुरावा मिळालेला नाही, आणि एकलिंद यांनी पुढील दोन विश्वचषकांतही पंचगिरी केली. पोझ्झो यांचा संघ बलाढ्य होता यात शंका नाही. परंतु अशा वातावरणात पंच कितपत मोकळे होते, हा प्रश्न उरतोच.

इ.स. १९३६ व १९३८

बर्लिन ऑलिंपिकमध्ये १५ ऑगस्ट, इ.स. १९३६ रोजी इटलीने ऑस्ट्रियाला हरवून सुवर्णपदक मिळवले. त्याच दिवशी ध्यानचंद यांच्या भारतीय हॉकी संघानेही तेथे सुवर्ण जिंकले. दोन वर्षांनी मार्सेय येथे नॉर्वेविरुद्धच्या सामन्याआधी इटलीतून परागंदा झालेल्या फॅसिस्टविरोधकांनी संघाच्या सलामीची हुर्यो उडवली. गोंगाट ओसरताच पोझ्झो यांनी खेळाडूंना पुन्हा हात उंचावायला लावले. या प्रसंगाची जबाबदारी कोणत्याही पंचावर टाकता येत नाही. फ्रान्सविरुद्ध इटलीचा संघ काळ्या सदऱ्यांत खेळला. अंतिम सामन्यात हंगेरीचा ४-२ असा पराभव झाला.

उत्तरायुष्य

इ.स. १९४८च्या लंडन ऑलिंपिकमध्ये डेन्मार्ककडून झालेल्या पराभवानंतर पोझ्झो पायउतार झाले. पुढच्या वर्षी सुपेर्गा येथील विमान अपघातात तोरिनोचा संपूर्ण संघ मृत्युमुखी पडला, तेव्हा मृतदेहांची ओळख पटवण्याचे काम त्यांच्या वाट्याला आले. इ.स. १९९०च्या विश्वचषकासाठी तोरिनोत उभारलेल्या नव्या मैदानाला त्यांचे नाव दिले गेले नाही. फॅसिस्ट काळाशी असलेला संबंध त्याचे कारण मानला जातो. युद्धाच्या अखेरच्या वर्षांत त्यांनी बिएल्ला भागातील प्रतिकार चळवळीला मदत केल्याची माहिती नंतर पुढे आली. बिएल्ला येथील मैदान त्यांच्या नावाने ओळखले जाते.