कै. डॉ. आनंदीबाई जोशी

आमच्या रामवाडीपासून अलिबाग कांहीं फार दूर नाहीं. टपालखात्यांतील नोकरीनिमित्त कै. गोपाळराव जोशी तेथें कांहीं काळ होते. अमेरिकेंत जाऊन डॉक्टर झालेल्या आनंदीबाई ह्या त्यांच्याच पत्नी होत.

आनंदीबाईंचा जन्म ता. ३१ मार्च १८६५ रोजीं झाला. माहेर कल्याणचें, माहेरचें नांव यमुना. नवव्या वर्षीं त्यांचा विवाह झाला व पतीनेंच त्यांस शिकविलें. चौदाव्या वर्षीं त्यांस पुत्र झाला. परंतु योग्य उपचारांच्या अभावीं तो अवघ्या दहा दिवसांत दगावला. आई स्वतःच अद्यापि बालिका होती! त्या वयाच्या मुलीचें दुखणें जाणणारी स्त्री-डॉक्टर त्या काळीं मिळणें दुरापास्त. आणि परक्या पुरुषापुढें तें सांगण्याची लाज. ह्या दुःखांतूनच डॉक्टर होण्याचा त्यांचा निश्चय झाला.

१८८३ सालीं सेरामपूर येथें जाहीर व्याख्यान देऊन त्यांनीं आपला हेतु लोकांस सांगितला, आणि त्याच वर्षीं पतीस मागें ठेवून त्या कलकत्त्याहून अमेरिकेस गेल्या. तेथें कार्पेंटरबाईंनीं त्यांस पोटच्या मुलीप्रमाणें वागविलें. फिलाडेल्फिया येथील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयांत, थंडी व आजार सोशीत, त्यांनीं अभ्यास पुरा केला. हिंदु लोकांतील प्रसूतिशास्त्रावर त्यांनीं प्रबंध लिहिला व ता. ११ मार्च १८८६ रोजीं एम्. डी. ही पदवी मिळविली. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयांतील स्त्री-विभागाच्या प्रमुखपदीं त्यांची नेमणूकहि झाली. पण क्षयानें त्यांस गांठलेंच होतें. क्षयाचे जंतु १८८२ त सांपडले होते, तरी त्यांवरील पहिलें प्रभावी औषध, स्ट्रेप्टोमायसिन, १८४३ नव्हे तर १९४३ सालचें! ता. २६ फेब्रुवारी १८८७ रोजीं पुणें येथें, बाविसावें वर्ष पुरें होण्यापूर्वींच, त्यांचें देहावसान झालें.

बालपण सरलें व प्रौढपण आलें नाहीं, अशा वयाच्या रोग्यांची निराळी काळजी घ्यावी लागते, हें आतां सर्वमान्य झालें आहे. दहा ते एकोणीस वर्षांच्या मुलामुलींसाठीं राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम २०१४ सालीं सुरू झाला. क्षयाचे उपचारहि सरकारी दवाखान्यांत विनामूल्य मिळतात. तेव्हां विद्यार्थ्यांनीं दुखणें लपवूं नये, आणि पालकांनीं तें न रागावतां ऐकून घ्यावें. आनंदीबाईंस जें लाभलें नाहीं तें आपल्या दाराशीं आलें असतां लाजेपायीं दवडणें आम्हांस शोभणार नाहीं.